गंधक राजीखुशीने जात नाही

आज सकाळी स्वयंपाकघरातून एक वास निघाला आणि बैठकीत येऊन थेट माझ्या नाकाच्या मुळाशी बसला. त्याला वास म्हणायचे ते दुसरा शब्द हाताशी नाही म्हणून. अत्तराचा वास येतो आणि जातो. हा वास चढतो. कपाळाच्या आतून वर सरकतो, डोळ्यांना पाणी आणतो आणि माणूस सावध होईपर्यंत उतरूनही गेलेला असतो. सौ. कमल पाट्यावर मोहरी फेसत होती. गार पाण्याचा शिपका, वरवंट्याची एक ओढ, पुन्हा शिपका. गाजरे सरत आली आहेत आणि फाल्गुनातील शेवटचे गाजराचे लोणचे आमच्याकडे फेसलेल्या मोहरीशिवाय होत नाही.

नगरपालिकेला घरासमोरच्या उघड्या नालीबद्दल पाठवायच्या स्मरणपत्राचा तिसरा परिच्छेद मी लिहीत होतो. लेखणी खाली ठेवली आणि आत गेलो. ओट्यावर कापडी पिशवी तोंड उघडून बसली होती. तिच्यावर निळ्या शाईत पुतण्या दत्ताच्या बोजड अक्षरात एकच शब्द: ‘ताईची’.

“ही पिशवी आपली नाही,” मी म्हणालो. “दुसऱ्याच्या मालकीची वस्तू संमतीवाचून वापरणे याला कायद्यात नाव आहे.”

“नाव असू द्या,” कमल मान वर न करता म्हणाली. “तुम्ही बाहेर बसा. डोळ्यांत जाईल.”

मी बाहेर येऊन बसलो. डोळ्यांत जायचे ते गेलेच होते. नालीचे स्मरणपत्र तसेच राहिले आणि मला तो हिवाळा आठवला, ज्या हिवाळ्यात वैजू आमच्या घरी राहायला होती.

वैजू म्हणजे वैजयंता, माझ्या धाकट्या भावाची थोरली मुलगी. त्या वर्षी तिच्या रसायनशास्त्रातील संशोधनाचा शेवटचा टप्पा होता, आणि ताडकळसहून रोज परभणीला येणेजाणे जमण्यासारखे नव्हते. आदल्या पावसाळ्यात तिचे वडील गेले होते. गावी तिची आई आणि धाकटा भाऊ दत्ता. शेती दत्ता पाहत असे. मनापासून पाहत असे, हे इथेच नमूद करतो, कारण पुढे माझ्या रागात ते बाजूला पडण्याची शक्यता आहे.

माझी सारी नोकरी न्यायालयात गेली. शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. माणसे खोटे बोलतात याचे मला तिथे कधीच नवल वाटले नाही. मात्र कागद जेव्हा खोटे बोलतो आणि त्यावर गोल शिक्का बसतो, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. निवृत्तीनंतर हाच राग मी पत्रांवाटे काढत आलो आहे. एस.टी.च्या फलकावरील चुकीच्या वेळेपासून रेशनच्या पावतीवरील न दिलेल्या साखरेपर्यंत माझ्या पत्रांना विषय कमी पडलेला नाही.

वैजू आली त्याच आठवड्यात गच्चीवर कोवळ्या उन्हात आम्ही हरभऱ्याचे डहाळे सोलत बसलो होतो. हरभऱ्याच्या पानांवर आंब असते. बोटांना लागली की चव जिभेवर आधी आणि मनात नंतर उतरते. मी सहज विचारले, “तू नेमके करतेस काय?”

“अमीनापासून आयसोथायोसायनेट तयार करायच्या पद्धती,” ती म्हणाली.

माझा हात थांबला. न्यायालयात आयुष्य गेलेल्या माणसाच्या लेखी अमीन एकच: जप्तीचा हुकूम घेऊन दारात उभा राहणारा. “अमीनापासून पंचनाम्याखेरीज दुसरे काही तयार झालेले मी पाहिलेले नाही,” मी म्हणालो.

ती इतकी हसली की मांडीवरचे घाटे गच्चीभर झाले. “काका, तुमचा अमीन जप्ती करतो. माझा अमीन साधा असतो. अमोनियाच्या भाऊबंदातला. मध्ये नत्राचा अणू, त्याला एका बाजूने कार्बनाची साखळी. वास मात्र माशासारखा येतो, तो सोसावा लागतो.”

“आणि हे सायनेट? सायनाइडपैकी काही असेल तर आधी सांग.”

“सायनाइड नव्हे. तुम्ही रोज खाता ते.”

त्या संध्याकाळी तिने मला स्वयंपाकघरात नेले आणि मोहरीच्या डब्यासमोर उभे केले. कोरडी मोहरी हातात देऊन म्हणाली, “हुंगा.” वास नव्हता. कमलने फोडणीत मोहरी टाकली होती. ती तडतडली, खमंग झाली, पण नाकात चढली नाही. मग वैजूने चिमूटभर मोहरी गार पाण्यात फेसली आणि वाटी माझ्या नाकाखाली धरली. मी ठसकलो.

“मोहरीत तिखटपणा नसतोच, काका. दाण्यात दोन गोष्टी असतात, वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलेल्या. दाणा फुटला, पाणी लागलं, की त्या भेटतात आणि त्या भेटीतून हा तिखटपणा जन्माला येतो. तोच आयसोथायोसायनेट. कढत तेलात टाकलं की दोघींतली एक मरते, म्हणून फोडणी तिखट होत नाही.”

“म्हणून आमची सासू गार पाण्यानंच फेस म्हणायची,” कमल म्हणाली. “मला वाटायचं, म्हातारीला माझे हात गारठवायचेत.”

किती हिवाळे मी फेसलेली मोहरी खाल्ली असेल! आणि एकदाही विचारले नव्हते की ही आग दाण्यात कुठे लपून बसते. ती लपून बसलेली नसते, ती घडते, हे कळल्यावर मला लहान मुलासारखे झाले. निसर्ग जर मोहरीत हे करतोच आहे, तर बाटल्यांतून ते करायचे कशासाठी, असे मी विचारले. ती म्हणाली, मोहरीला तिच्या पद्धतीचे एकदोनच प्रकार जमतात. पपईच्या बीला निराळा जमतो, शेवग्याच्या मुळीला निराळा. तिला हवे तसे, निरनिराळ्या शेपटांचे प्रकार करायचे होते आणि त्यांतला कोणता तुरीच्या मर रोगाच्या बुरशीला आवरतो ते पाहायचे होते.

त्यानंतर रोज उन्हात उलटतपासणी सुरू झाली. प्रश्न माझे, उत्तरे तिची. रसायनशास्त्राचा मला गंध नव्हता; पण कोणतीही प्रक्रिया टप्प्याटप्प्याने समजून घेण्याची सवय जुनी होती. तिने जमिनीवर डहाळ्याचे घाटे मांडून दाखवले. हा नत्र. हा कार्बन. हा गंधक. तिघे एका ओळीत आले की आपला तिखट पदार्थ. अमीनाकडे नत्र आहे. कार्बन आणि गंधक बाहेरून आणून द्यायचे. सर्वांत जुना सरळ मार्ग थायोफॉस्जीन नावाच्या द्रवाचा. त्यात कार्बन आहे, गंधकही हवा तेवढा एकच आहे.

“मग तोच घ्यावा. वाद मिटला.”

“तो लाल द्रव इतका विषारी आहे की आमचे सर त्याचं नावही काढू देत नाहीत. म्हणून सगळं जग दुसऱ्या वाटेनं जातं. कार्बन डायसल्फाइड. एक कार्बन आणि त्याला दोन गंधक.” तिने एका घाट्याच्या दोन्ही अंगांना दोन घाटे ठेवले. “अमीन याला धरतो. जोडणी सोपी आहे, बर्फात ठेवून करायची. पण आता गंधक दोन झाले. दोन असेपर्यंत तो नुसता क्षार. तिखटपणा नाही. एकाला जावं लागतं.”

“कोणाला?”

“दोघे सारखेच. कोणीही जावो.”

“आणि तो कसा जातो?”

तिने माझ्याकडे पाहिले. “काका, सगळं संशोधन याच प्रश्नावर चाललंय. जगभर एवढ्या पद्धती निघाल्यात. कुणी शिसं वापरतं, कुणी आयोडीन, कुणी हायड्रोजन पेरॉक्साइड, कुणी आणखी महागाचं काही. वाचायला बसलं की वाटतं, केवढं वेगवेगळं आहे! पण प्रश्न एकच. दुसऱ्या गंधकाला कोण काढणार, आणि निघाल्यावर त्याचं काय होणार.”

त्याच दिवसांत माझे एक पत्र तिच्या महाविद्यालयात गेले, तिच्या इच्छेविरुद्ध. प्रयोगशाळेत धूर बाहेर ओढणारे कपाट असते. त्याचा पंखा चालू असूनही तिच्या ओढणीला घरी येईपर्यंत कुजक्या कोबीचा दर्प असे. काम करणाऱ्याच्या सुरक्षेची जबाबदारी कोणाची, याविषयी मी मुद्देसूद लिहिले. वायरमन आला तेव्हा उघडकीस आले की पंखा दुरुस्तीनंतर उलटा जोडला गेला होता. तो बाहेरची हवा आत आणत होता, आणि तक्रार करणाऱ्याला सगळे सांगत होते, पंखा तर फिरतो आहे! फिरणारा पंखा पाहून समाधान मानणारी ही वृत्ती मला आपल्या सार्वजनिक जीवनाचे मूळ दुखणे वाटते. असो. वैजू दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, “वास कमी झालाय.”

संक्रांतीला आम्ही ताडकळसला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना करडई फुलली होती. पिवळ्या फुलावर केशरी झाक आणि खाली पानापानाला काटा. गव्हाच्या बांधाने मोहरी उभी होती. दत्ताने शेतात आगटी पेटवली होती. कणसे भाजायची, तळहातावर चोळायची आणि गरम हुरडा बहिणीच्या ओंजळीत आधी टाकायचा. ती नको म्हणाली तरी टाकत होता. “खा गं ताई. शहरात काय मिळायलंय तुला? वाळायलीस पार.”

भावजय कारळाची चटणी वाटीत काढता काढता म्हणाली, “वैजे, लोक इचारायलेत, तुझी लेक काय करायली म्हणून. मी म्हणलं, अमीनाचं काम करायली. तर ते म्हणले, पोलिसात लागली का?”

“आई, पोलिसाचा अमीन न्हाई गं तो.”

“मला काय कळतंय? माझी सासू सांगायची, निजामाच्या वक्ताला अमीन यायलाय म्हणलं की गावातली माणसं ज्वारीत जाऊन बसायची.” मग माझ्याकडे वळून, “भाऊजी, तुमी तरी सांगा, चांगला हाय ना हा अमीन?”

मी चांगला असल्याची ग्वाही दिली. सगळे हसले. तिळगूळ झाला. आणि त्या हसण्याच्या शेवटी, जसा जेवणाच्या शेवटी हात धुवायचा तांब्या येतो, तसा दत्ता म्हणाला, “ताई, पुढल्या हप्त्यात परभणीला येयलाव. ते हक्कसोडीचं उरकून टाकू. तू तितंच हायस. सहीला यायचं नुसतं.”

आमच्याकडील वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही, तरी सांगतो. वडील गेले की सातबाऱ्यावर मुलांबरोबर मुलींचीही नावे चढतात. कायद्याने दोघांचा हक्क सारखा. मग मुलींनी आपला हक्क भावाच्या नावे सोडून द्यायचा आणि त्याचा दस्त नोंदवायचा. त्या दिवशी बहिणीला साडीचोळी होते. सही केली की माहेर राहते, असा समज आहे. न केली तर काय होते हे कोणी उच्चारत नाही, कारण उच्चारावे लागत नाही. दत्ताने तिला फसवण्यासाठी काही केले नव्हते. त्याच्या आत्यांनी सह्या केल्या होत्या, शेजारणींनी केल्या होत्या. पंखा फिरत होता.

परतीच्या एस.टी.त मी पेटलो होतो. नोटीस, हरकत, वाटपाचा दावा. बस पूर्णेचा रस्ता मागे टाकेपर्यंत माझ्या डोक्यात तीन मसुदे तयार झाले. वैजू खिडकीबाहेर पाहत होती. शेवटी म्हणाली, “काका, तुम्ही नोटीस पाठवलीत की मी पंचमीला कुठं जायचं?”

“म्हणून सही करणार?”

“ते मला ठरवायचंय. माहेर मला पाहिजे. आणि खोटं लिहून द्यायचं नाही. हे दोन्ही जमतं का, तेवढं बघू द्या. तुम्ही पत्र लिहायचं नाही.”

मी शब्द दिला. तो पाळणे मला किती जड गेले, हे माझी लेखणी जाणते.

दरम्यान तिच्या प्रयोगाचा महत्त्वाचा रविवार आला. शिशाची पद्धत तिने करून पाहिली होती. गंधक निघे, पण काळ्या गाळाच्या रूपात, आणि तो विषारी गाळ टाकायचा कुठे याचे उत्तर कोणाकडे नव्हते. आता ती आयोडीन वापरणार होती. सुटीमुळे विभाग रिकामा होता. तिच्या सरांची परवानगी घेऊन मी दारापासून जरा आत एका स्टुलावर बसलो. डोळ्यांवर त्यांनी दिलेला चष्मा.

बर्फाच्या भांड्यात एक चंबू, त्यात तो दोन गंधकांचा फिकट क्षार. वर नळीत आयोडीन, जुन्या शाईसारखे गडद तपकिरी. थेंब पडे आणि चंबूत पोहोचताच त्याचा रंग नाहीसा होई. पुन्हा थेंब, पुन्हा रंग गडप. इतकी सुंदर दृश्ये मी त्यापूर्वी फार थोडी पाहिली होती. गडद रंग घेऊन कोणी यावे, आत जावे आणि काही मागमूस राहू नये! हळूहळू खाली पिवळसर पांढरी भुकटी दिसू लागली.

“हा गेलेला गंधक,” ती म्हणाली.

मी न राहवून म्हणालो, “म्हणजे त्याने हक्कसोड केली.”

ती थेंबांवरून नजर न हलवता म्हणाली, “रेणूला माहेर नसतं, काका. उगाच नाती लावू नका. पण एक सांगते. गंधक राजीखुशीने जात नाही. कार्बनाला धरून बसलेला असतो तो. आयोडीन येऊन आधी त्याला चिकटतं, त्याला जाण्याजोगं बनवतं, मग तो जातो. आमच्यात ‘आपोआप गेला’ असं लिहिलेलं चालत नाही. कुणी काढला, किती घालून काढला, थंडीत की उष्णतेत, सगळं लिहावं लागतं. पद्धत म्हणजे तेवढंच. खरा जबाब.”

‘राजीखुशीने’ हा शब्द तिने कुठून घेतला हे मला ठाऊक होते. दत्ताने दस्ताचा मसुदा मोबाइलवर पाठवलेला होता. प्रत्येक दस्ताच्या शेवटी ते वाक्य असते: ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावास बळी न पडता लिहून दिले असे.’ न्यायालयात असे कागद मी ढिगाने हाताळले, आणि तो शब्द डोळ्यांखालून गेला की मुठी वळत. त्या दिवशी प्रथमच रागाच्या जागी कुतूहल आले. हा शब्द म्हणजे पद्धत लपवण्याची जागा आहे! कोणी काय घातले, कुठला थेंब कोणत्या सणाला पडला, सगळे त्या एका शब्दात गडप होते. चंबूत आयोडीन व्हावे तसे.

मग एक थेंब पडला आणि त्याचा तपकिरी रंग तसाच राहिला. वैजूने नळी बंद केली. “संपलं. आता जायला कुणी उरलेलं नाही, म्हणून रंग टिकला.” पुढे गाळणे, धुणे, वाळवणे झाले. शेवटी तिने एका बारक्या बाटलीचे बूच सैल करून हाताने वारा माझ्याकडे ढकलला. पपईची बी चावल्यासारखा, मोहरीच्या नात्यातला, ओळखीचा चटका नाकात चढला. माशाच्या वासाच्या अमीनापासून हे! मी टाळी वाजवली आणि चष्मा पुसायला काढला, तर तिने दरडावले, “चष्मा ठेवा!” गाळलेली पिवळसर भुकटी तिने वेगळ्या बाटलीत भरली.

“ती कशाला ठेवायची? ती तर निघाली.”

“आत जेवढं गेलं तेवढं सगळं बाहेर दाखवता आलं पाहिजे. निघालेला गंधकही.”

ठरलेल्या दिवशी दत्ता मोटारसायकलवर आईला घेऊन आला. निबंधक कार्यालयाबाहेर दस्तलेखकाच्या टेबलापाशी आम्ही बसलो. पलीकडे रसवंतीचे घुंगरू वाजत होते. भावजयीच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीतून साडीची किनार दिसत होती. दस्तलेखक सराईत माणूस. घडाघडा वाचत गेला. शेवटच्या वाक्यावर वैजूने हात वर केला, वर्गात करावा तसा.

“अक्कलहुशारी राहू द्या,” ती म्हणाली. “राजीखुशी काढा.”

दस्तलेखकाने चष्म्यावरून पाहिले. “ताई, तो शब्द नेहमीचा असतो.”

“असू द्या. खरा नाही. तेवढा काढा, मी सही करते.”

“तो काढला तर दस्त टिकायचा नाही. उद्या कुणी म्हणेल, दबाव होता.”

“म्हणजे सगळा कागद त्या एका शब्दावर उभा आहे?”

दस्तलेखकाने माझ्याकडे पाहिले. आयुष्यात प्रथमच एखाद्या कायदेशीर प्रश्नावर मी तोंड मिटून बसलो होतो. शब्द दिला होता.

दत्ताचा चेहरा उतरला. “ताई, तू नाराज हायस? मग पैलेच बोलायचं ना. चारचौघांत कामून असं करायलीस? आमी काय तुला तोडून टाकायलाव का?”

“नाराज हाय का, हे तू आत्ता पैल्यांदा इचारलंस, दत्ता.”

“मग काय, सही करत न्हाईस?”

“सही करते म्हणायलेय की. खोटं तेवढं काढ.”

भावजय पिशवीची नाडी बोटाला गुंडाळत आणि सोडत बसली. मग हळूच म्हणाली, “दत्ता, चल घरला.” दत्ताने कागद उचलले, घडी घातली, खिशात ठेवले. मोटारसायकल सुरू केली. आई मागे बसली. साडीची पिशवी तिच्या मांडीवर तशीच परत गेली.

त्यानंतरचे दिवस मला अजून बोचतात. दर चार-सहा दिवसांनी कोणाच्या तरी हाती येणारा हुरडा आला नाही. फोन वाजला की वैजू आधी बघे आणि मग उचले. तिचे काम उत्तम चालले होते. निरनिराळे अमीन, निरनिराळ्या शेपटांचे तिखट पदार्थ, कधी उतारा चांगला, कधी चिकट गोळा. संध्याकाळी ती बाटल्यांच्या गोष्टी सांगे आणि सांगता सांगता थांबे. कमलने एकदा विचारले, “सही करून टाकली असतीस तर?” ती म्हणाली, “तर हुरडा आला असता. पण चव कळली असती का काकू?” मी पत्र लिहिण्यासाठी दोनदा टेबलाशी बसलो. दोन्ही वेळा नालीबद्दल लिहून उठलो.

होळीच्या आधी, करडईची काढणी सुरू असताना, एका दुपारी दत्ता दारात उभा राहिला. एकटाच. हातापायांवर काट्यांचे ओरखडे. पाणी प्यायला. बसला नाही. पिशवी वैजूसमोर ठेवली.

“बांधावरली मोहरी हाय. काढली काल.”

“आईनं दिली?”

“न्हाई, मीच आणली.” तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होता. मग म्हणाला, “तुज्या वाट्याची हाय.”

न्यायालयात मी कबुलीजबाब पुष्कळ ऐकले. घसा खाकरून दिलेले, शपथेवर दिलेले, वकिलाने शिकवलेले. त्या एका वाक्याइतका स्वच्छ मला आठवत नाही. ‘तुला आणली’ म्हणाला असता, तर ती भेट झाली असती. भाऊ बहिणीला देतोच. तो ‘वाट्याची’ म्हणाला होता.

वैजूने पिशवीत हात घातला आणि दाणे मुठीत धरून ठेवले. “आणि ते कागद?”

“घरी हायेत. आईनं त्याच्यावर कुरडया वाळू घातल्या.” मग जरा चिडून, जरा लाजून, “नाव राहू दे सातबाऱ्यावर. कुणाला चावायलंय? जमीन करायलाव मीच. पण तू पंचमीला आली न्हाईस तर बघ मग.”

“येते की रे. रडायलास कामून?”

“रडायलोय कुठं? काकू आत मोहरी फेसायलीय ना.”

कमल आत चहा टाकत होती.

त्या हिवाळ्याला आता काही वर्षे झाली. वैजू हैदराबादेत एका प्रयोगशाळेत असते. तिचा प्रबंध मला भेट म्हणून आला. पद्धतींचे प्रकरण मी दस्त वाचावा तसे, ओळीवर बोट ठेवून वाचले. कळले फार थोडे. पण कुठेही ‘आपोआप’ हा शब्द नाही, हे तपासून घेतले. सातबाऱ्यावर दोन नावे आहेत, आणि दरवर्षी फाल्गुनात दत्ता बांधावरची मोहरी आणून देतो. वैजूला सवड झाली की ती नेते. तोवर पिशवी आमच्या ताब्यात, विश्वस्त या नात्याने. म्हणूनच आज सकाळचा माझा आक्षेप. तो मी अजूनही मागे घेतलेला नव्हता.

जेवताना पानात गाजराचे लोणचे आले. पहिल्याच फोडीला डोळे भरले. मी विषय पुन्हा काढला. विश्वस्ताने ठेवीला हात लावणे किती गंभीर, हे मी दोन वाक्यांत मांडले आणि तिसऱ्याला ठसका लागला.

कमलने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. “विचारलंय मी तिला. सकाळीच फोन केला होता.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, घ्या काकू. राजीखुशीने.”